दलदलीच्या डोंगरावरील फरश्या

इंग्लंडांतील पेनाइन पर्वतराजींत ब्लॅक हिल नांवाचा ५८२ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याला ना कडा, ना सुळका. माथ्यावर उजाड माळरान व काळा चिखल. पूर्वीं चढून गेलेला पांथस्थ तेथें गुडघाभर रुते. सन १९६५ मध्यें 'पेनाइन वे' हा सुमारें ४३० किलोमीटरांचा पदपथ यावरून खुला झाला. मग जो तो चिखल चुकवून बाजूनें चालूं लागला आणि वाट रुंदच होत गेली. पुढें तिजवर दगडी फरश्या बसविल्या. कित्येक साहसप्रिय मंडळी म्हणतात कीं, त्यामुळें चढण्याची गंमतच गेली.

आम्हांस हें मान्य नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तो नुसता चिखल नव्हे. ओलाव्यामुळें पुरतें न कुजलेलें शेवाळ थरावर थर सांचून ही माती होते. एक मीटर थर चढण्यास सुमारें सहस्र वर्षें लागतात. बुटांनीं तुडवून ती उघडी पडली कीं पावसानें वाहून जाते, आणि तींत कोंडलेला कर्ब हवेंत सुटतो.

तेथील पुष्कळसें शेवाळ मँचेस्टरकडील कारखान्यांच्या धुरानें पूर्वींच मेलें होतें. (अमेरिकेंतील १८६१-६५ च्या यादवींत त्या भागांतील गिरण्यांस आपल्या वऱ्हाडचा कापूसही जात असे!) आतां अशाच बंद पडलेल्या गिरण्यांच्या फरश्या उखडून या वाटेवर घातल्या आहेत, आणि माथ्यावर पुन्हां हिरवळ धरली आहे.

साहसच हवें असेल, तर धुकें, वारा आणि पाऊस तेथें पूर्वींइतकेच आहेत. फरश्यांनीं त्यांस आडकाठी केलेली नाहीं.