दहा मिनिटं काढा

मराठी मासिकांना लैंगिक वेगळेपणाचा विषय नवा नाही. घरात विचारता न येणारे प्रश्न वाचक र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला पत्रातून विचारत आणि कर्वे त्यांना छापून उत्तरं देत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचीही उत्तरं होती. त्यापायी १९३४ साली अश्लीलतेचा खटला उभा राहिला. कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला. पण मासिक १९५३पर्यंत, कर्व्यांच्या अखेरीपर्यंत, निघत राहिलं.

आता टपालाची गरज उरली नाही. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि तालुक्याच्या गावातली तृतीयपंथी मुलगी आपल्याच बोलीत आपल्या मोबाइलवर बोलू लागली. २०१७ साली तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आईपणाची जाहिरात घरोघरच्या ग्रुपवर फिरली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७मधून बाहेर काढले. विवाहाचा हक्क मात्र २०२३मध्ये नाकारला.

म्हणजे ही माणसं आता दिसतात. पण दिसली म्हणून मतं बदलतात का? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्येच सांगितलं होतं, की संपर्काने पूर्वग्रह ओसरतात, पण नातं बरोबरीचं हवं, काम एकत्र हवं आणि कायद्याचं पाठबळ हवं. रीलवर बरोबरी कुठली? दिसणारा चेहऱ्यानिशी उभा, बघणारा टोपणनावाआड. एकाने मन उघडं करायचं, दुसऱ्याने खाली शिवी टाकून पुढे सरकायचं.

अमेरिकेत मायामीला झालेला एक प्रयोग इथे आठवतो. २०१६मध्ये ब्रूकमन आणि काला या अभ्यासकांनी तो प्रसिद्ध केला. कार्यकर्ते दारोदार गेले, ट्रान्स व्यक्तींविषयी सुमारे दहा मिनिटं बोलले. उपदेश केला नाही. ‘वेगळे म्हणून तुम्हाला कधी कुणी हिणवलंय का?’ असं विचारलं आणि ऐकून घेतलं. पूर्वग्रह कमी झाले आणि हा बदल निदान तीन महिने टिकला. विशेष म्हणजे बोलणारा स्वतः ट्रान्स असो वा नसो, परिणाम झाला.

आम्हाला यातली शेवटची गोष्ट मोलाची वाटते. जो आधीच सोसतो आहे, त्यानेच रोज कॅमेऱ्यासमोर येऊन आपलं माणूसपण सिद्ध करावं, अशी सक्ती का? समजावण्याचं काम आपणही करू शकतो. घरातल्या थोरामोठ्यांशी बोलायला आपल्याइतकं जवळचं कोण आहे?

तेव्हा फॅमिली ग्रुपवर तृतीयपंथीयांवरचा विनोद आला, तर तिथे भांडू नका आणि हसणारी इमोजीही टाकू नका. भाऊबीजेला तो विनोद टाकणाऱ्या काकांच्या शेजारी बसा. फराळाचं ताट येईल, गप्पा निघतील. त्यांना कुणी कधी हिणवलं होतं, ते आधी विचारा. मग आपलं म्हणणं मांडा.



– संपादक