संग्रहालयाची वास्तू आणि वर्षासनाचा हिशेब

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला नवी इमारत जोडण्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि २०१४ साली अमेरिकन वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांचा आराखडा तीत सर्वोत्तम ठरला. शुभ्र काँक्रीटला छेद देऊन दालनांत उतरविलेला मोजका प्रकाश, जुन्या-नव्या वास्तूंना जोडणारे पर्जन्यजलाचे कुंड आणि त्यातच बसविलेल्या सौरघटांतून साठ टक्के वीज मिळविण्याची योजना, अशी ती संकल्पना होती. दशक उलटले, तरी ती कागदावरच आहे. अशा वेळी निधीच्या टंचाईला बोल लावणे सोपे असते. परंतु समकालीन कलेसाठी नेमके काय उभारायचे, हा मूळ प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

प्राचीन वस्तूंच्या संग्रहालयाला आत काय ठेवायचे, हे आधी ठाऊक असते. पुढील वीस वर्षांत घडणाऱ्या कलाकृतींचे आकारमान, वजन वा माध्यम मात्र कोणालाच सांगता येत नाही. १९११ साली बांधलेल्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. तो पुनरुपयोग स्तुत्यच. पण तेथे कलाकृतीला वास्तूच्या वळणाने वागावे लागते. नव्या वास्तूकडून म्हणूनच लवचिकतेची अपेक्षा असते.

या लवचिकतेचेही मोल असते. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रासाठी १९७१ साली ६८१ आराखडे आले. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांच्या विजयी आराखड्याने नळ, वाहिन्या आणि सरकते जिने इमारतीबाहेर आणून आतले मजले मोकळे केले. १९७७ साली खुली झालेली ही वास्तू जगभर गाजली. परंतु १९९७ नंतर दुरुस्तीसाठी ती बहुतांशी बंद ठेवावी लागली आणि २०२५ साली ॲस्बेस्टॉस काढण्यासह व्यापक नूतनीकरणासाठी पाच वर्षांकरिता पुन्हा बंद झाली. फ्रान्ससारख्या संपन्न राष्ट्राला हा भार पेलतो. आपल्या महापालिकांचे काय?

आपल्याकडे भांडवली खर्चाला कोनशिला लाभते, आवर्ती खर्चाला कोणी वाली नसतो. उद्घाटनाची फीत एकदाच कापली जाते. विजेचे देयक मात्र दरमहा येते. मुंबईच्या आषाढ-श्रावणातील दमट हवेत वातानुकूलन चार दिवस बंद पडले, तरी कागदावरील चित्रांना बुरशीचा धोका संभवतो. मग सार्वजनिक पैसा आणि कलावंताचे श्रम दोन्ही वाया जातात.

याचा अर्थ गरीब देशाने कल्पक वास्तू उभारूच नयेत, असा मुळीच नाही. सामान्य माणसाला नव्या कलेच्या दारापर्यंत आणण्याचे सामर्थ्य वास्तूत असते. मात्र स्पर्धेतील प्रत्येक आराखड्यासोबत तीस वर्षांच्या देखभालीचा हिशेब मागितला जावा, आणि बांधकामाच्या निधीबरोबरच एक अक्षय निधी बाजूला काढून त्याच्या व्याजातून वर्षासनाची तजवीज व्हावी. हा हिशेब आधी मांडला, तर परीक्षकांना आराखड्याच्या सौंदर्याइतकेच त्याचे आयुष्यही तोलता येईल, आणि करदात्यालाही आपण कशासाठी पैसे मोजतो आहोत, हे कळेल.