कुऱ्हाडीआधी परीक्षा

वळवाचा पाऊस कोसळला की परसातल्या झाडाचे भय वाटू लागते आणि घरमालक थेट लाकूडतोड्यास पाचारण करतो. ज्याला लाकूड हवे, त्यानेच निकाल द्यावा, हा कोठला न्याय? झाड कलले एवढ्यानेच ते धोक्याचे ठरत नाही. गटारासाठी तोडलेली मुळे, बुंध्याशी उगवलेली अळंबी, खोडातली पोकळी आणि फांदीखालची वर्दळ, हे सारे जाणकाराने तपासून लेखी मत द्यावे. बेळगावसह कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार बहुतेक झाडे तोडण्यास वृक्षाधिकाऱ्याची परवानगीही लागते. चौकशीवाचून शिक्षा नको. परंतु दोष सिद्ध झाल्यावरही, शेजारच्या मुलांचा जीव टांगणीस लावून, केवळ ममतेपोटी झाड राखणे हाही अपराधच, असे आमचे स्पष्ट मत आहे!