इंजिनाचं गोत्र

जुन्या मोटारसायकलींचे जाणकार ही एक स्वतंत्र जमात आहे आणि या जमातीत पत्रिका पाहिल्याशिवाय काही ठरत नाही. गाडी चालू होते का, हे ते विचारत नाहीत. गुडघे टेकून इंजिनाशी डोकं नेतात, भिंगातून त्यावरचा नंबर वाचतात, मग फ्रेमवरचा वाचतात आणि दोन्ही जुळले नाहीत, तर मुलीला कडक मंगळ निघाल्यासारखा चेहरा करून उठतात. चहालासुद्धा थांबत नाहीत.

इतर गाड्यांच्या बाबतीत हे सोवळं एक वेळ चालू द्या. पण जुन्या ब्रिटिश ट्रायल्स मोटारसायकलीच्या बाबतीत तो निव्वळ चावटपणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रायल्स म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण नावावरून कोर्टाची आठवण होते. ही वेगाची शर्यत नव्हे. ओढ्यातले दगड, शेवाळलेले चढ, पोटरीभर चिखल अशा जागांतून पाय न टेकता गाडी काढायची. एकदा पाय टेकला की एक गुण, टेकतच राहिलात की तीन, थांबलात किंवा आडवे झालात की पाच. आणि ज्याचे गुण सर्वांत कमी, तो पहिला! ही पद्धत आमच्या शाळेत असती, तर आमच्या वर्गातले निम्मे लोक बोर्डात आले असते. स्कॉटलंडमध्ये हा खेळ १९०९ पासून आहे आणि तिथली मुख्य स्पर्धा सहा दिवस चालते.

आता मला सांगा, सहा दिवस दगडांवर आपटलेल्या गाडीचे सगळे भाग जन्माचे सोबती कसे राहतील? ते बदलणारच. तुटले म्हणून बदलणार, जड वाटले म्हणून बदलणार, शेजाऱ्याचा बरा दिसला म्हणूनही बदलणार. सॅमी मिलरची पाचशे सीसीची एरियल, जीओव्ही १३२, ही या खेळातली सर्वांत प्रसिद्ध गाडी. १९६२ आणि १९६४ साली तिच्यावर त्याने स्कॉटलंड जिंकलं. पण हा गृहस्थ वर्षानुवर्षं तिच्यातून वजन काढत बसला होता! कारखान्यातून निघालेल्या रूपात ती राहिली असती, तर आज तिचं नाव कुणी घेतलं नसतं. बीएसएची कथा तर आणखी मजेची. त्यांच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात इंजिन आणि फ्रेम यांवर मुळातच वेगवेगळे नंबर पडत. म्हणजे पत्रिका जन्मतःच जुळलेली नाही, तरी संसार उत्तम!

माझा भाचा बर्मिंगहॅमला असतो. त्याने साडेतीनशेची एक ट्रायल्स बुलेट घेतली. घेतली म्हणजे चार खोकी घेतली. "मामा, यातलं काय कशाचं आहे ते कसं ओळखायचं हो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "अरे, नंबर राहू दे, आधी लोहचुंबक आण." रस्त्यावरच्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा, ट्रायल्सवालीचा ॲल्युमिनियमचा. चुंबक चिकटला नाही, जीव भांड्यात पडला. मग व्हर्निअर लावला. बुलेटच्या दट्ट्याची धाव साडेतीनशेतही ९० मिलिमीटर आणि पाचशेतही ९०. फरक सिलिंडरच्या व्यासात, तिथे ७० आणि इथे ८४. आमचा ७० निघाला. मग आटे मोजले. व्हिटवर्थ साहेबाने १८४१ साली आट्यांना ५५ अंशांचा कोन ठरवून दिला. सायकलवाल्यांनी ६० अंशांचा धरला आणि बहुतेक ठिकाणी इंचाला २६ आटे पाडले. एका इंजिनात दोन्ही घराणी नांदतात. बळेच एकाचा नट दुसऱ्याच्या गळ्यात मारलात की दोघांचं वाटोळं. बरं, पान्यावर पाव इंच लिहिलेलं आणि तोंड अर्ध्या इंचाहून मोठं! कारण आकडा पान्याचा नाही, बोल्टच्या दांड्याचा. इंग्रज माणूस सरळ बोलत नाही, तो असा.

याला मी ओळख म्हणतो. हा भाग काय काम करतो, कशात बसतो, किती झिजला, किती चालेल. नंबरही वाचावा, व्हिलिअर्सचं एकच इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसलेलं असतं, तिथे योग्य सुटा भाग शोधायला नंबरच उपयोगी पडतो. नंबर हा पत्ता आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. पत्त्याचं गोत्र करणाऱ्यांशी आहे.

तेवढ्यात शेजारचे एक जाणकार आलेच. आमच्या गिअरबॉक्समधला एक दातेरी भाग उचलून ते "इंडियन?" असं म्हणाले, वरणात खडा लागल्यासारखे. हो, इंडियन! जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली बुलेटवर स्कॉटलंड जिंकलं, हे खरं. पण १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली, आधी इंग्लंडचे भाग जोडून आणि पुढे सगळे भाग इथेच करून बुलेट बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला; त्याच वळणाची बुलेट मद्रासला त्यानंतर काही दशकं बनत राहिली. त्या मद्रासी भागांतले बरेचसे जुन्या विलायती बुलेटला बसतात. नातीच्या डब्यावर आजी जगते आहे, आणि हे विचारतात स्वयंपाक कुणी केला!

हा नुसता हसण्याचा विषय नाही. नंबर जुळला की किंमत चढते, आणि किंमत चढली की ठसे मारणारे भेटतात. जुना नंबर घासून नवा ठोकायला हातोडी आणि ठशांचा संच पुरतो. प्रामाणिक गाडी 'न जुळणारी' म्हणून उघडली जाते, तिचे भाग दुसऱ्या 'शुद्ध' गाडीत जातात आणि ती शुद्ध गाडी काचेमागे उभी राहते. चिखलासाठी जन्मलेलं यंत्र गालिच्यावर! शिवाय तरुण पोरं असल्या परीक्षेला भिऊन पाना हातातच घेत नाहीत. आटे मोजणारी माणसं संपली, तर जुळलेले नंबर वाचायला भिंगं तेवढी उरतील.

तेव्हा जाणकारांनो, गुडघे टेकायचेच असतील तर एखादा वॉल्व्ह बसवायला टेका. आणि ट्रायल्सच्या नियमाप्रमाणे टेकण्याचे गुण मात्र मोजून घ्या. आमच्या हिशेबाने तुमचे केव्हाच पाच झाले आहेत.