समुद्राचा पहिला धडा पाटाच्या काठावर

म्हैसूरच्या एखाद्या शाळेची सहल समुद्रावर निघाली, की ती बहुधा मंगळूर किंवा मलपेच्या दिशेने जाते. मुले वाळूतील प्लॅस्टिक वेचतात, शंख पाहतात आणि परतल्यावर निळ्या रंगात देवमासे रंगवतात. उपक्रम स्तुत्यच आहे. मात्र त्यात भूगोलाची एक गफलत राहून जाते. म्हैसूरचे पाणी त्या समुद्राला मिळतच नाही. शहराचा उत्तरेकडील उतार कावेरीकडे वळतो, दक्षिणेकडील कबिनीकडे. टी. नरसीपूर येथे दोन्ही नद्या एकत्र होतात आणि तो प्रवाह पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जातो. वाटेत मेट्टूरचे धरण बराच गाळ अडवते. पण भातखाचरांतून विरघळून आलेले नत्र गाळासारखे तळाशी बसत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने सागरी कासवांची घरटी राखली. ते काम रुजले, कारण घरटी गावाच्याच किनाऱ्यावर होती. म्हैसूर-मंड्याच्या मुलांचा असा ‘स्वतःचा’ किनारा म्हणजे शेताचा पाट आणि गावचे तळे.

तेथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वाहत्या स्वच्छ पाण्यातील दगड उलटला, तर मेफ्लायची पिल्ले दिसतात: पोटाच्या कडेला कल्ले, मागे बहुधा तीन शेपट्या. सांडपाणी वाढले की ती नाहीशी होतात आणि चिखलात लाल अळ्या उरतात. हे मुलांनी भिंग घेऊन, शेपट्या मोजून, पेन्सिलीने काढावे. न पाहिलेल्या देवमाशापेक्षा पाहिलेल्या किड्याचे चित्र अधिक शिकवते. अशा चित्रांना कारंजी तलावाकाठच्या प्रादेशिक नैसर्गिक इतिहास संग्रहालयाइतकी योग्य भिंत दुसरी नाही.

पाटाच्या संथ पाण्यावर सरकणारा लांब पायांचा किडा तर थेट समुद्राशी नाते सांगतो. त्याच्याच कुळातील हॅलोबेटिसच्या पाच जाती खुल्या महासागरात राहतात. कीटकांत हे इतर कोणालाच साधलेले नाही. तरंगत्या पिसांवर, लाकडावर अंडी घालणारा हा कीटक आता प्लॅस्टिकच्या तुकड्यांवरही अंडी घालतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी शिवारफेरीत शाळेचा एक वर्ग सोबत घ्यावा. त्या वेळी कीटकनाशकाची रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतण्याचे प्रात्यक्षिक शेतकऱ्यानेच करून दाखवावे. बाटली पाटात विसळली, तर सरकणाऱ्या किड्यांचे काय होते, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.