लाकडाची वीज आणि पावसाळ्याची बेगमी

लाकडापासून वीज होते असे सांगितले, की ऐकणारा प्रथम हसतो आणि मग चुलीचा अन् विजेचा संबंध काय, असे विचारतो. संबंध आहे, आणि तो नवाही नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा पाठीमागे कोळशाची भट्टी लावलेल्या बसगाड्या आपल्या देशातही धावत होत्या. युरोपात तर लाखो वाहने या वायूवर चालली. युद्ध संपले, पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि त्या भट्ट्या भंगारात गेल्या. त्या का गेल्या, याचा विचार मात्र आज असे यंत्र घरी बनवू पाहणारे आपले विद्यार्थी मित्र फारसा करीत नाहीत.

यंत्र म्हणून पाहिले तर प्रकरण अवघड नाही. एक उभे बंद पिंप. वरून लाकडाचे तुकडे भरायचे. मध्यावर नळ्यांतून मोजकी हवा आत जाते आणि तेवढ्या पट्ट्यात लाकूड पेटते. पुरेशी हवा नसल्याने ते पुरते जळत नाही. धूर आणि वाफ खालच्या अरुंद गळ्यातून, लालभडक निखाऱ्यांतून ओढली जाते आणि तेथे त्यांचा जळाऊ वायू होतो. त्यात सुमारे पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, जवळपास तेवढाच हायड्रोजन, थोडा मिथेन आणि उरलेल्यात बहुतेक निरुपयोगी नायट्रोजन. हा वायू गाळून, थंड करून एंजिनाला द्यायचा. पेट्रोलच्या एंजिनाकडून मग नेहमीच्या निम्मी किंवा थोडी अधिक शक्ती मिळते. डिझेलचे एंजिन नुसत्या या वायूवर पेट घेत नाही, त्याला थोडे डिझेल द्यावेच लागते. उद्यमबागेत इतकी वर्षे ओतकाम करणाऱ्या आपल्या बेळगावात असे पिंप जोडून देणारा कारागीर मिळणार नाही, असे कोण म्हणेल?

म्हणूनच माझे म्हणणे असे, की यंत्राची चिंता आधी करू नये. आधी दोन गोष्टी पाहाव्यात : वीज किती लागणार आणि जळण कोण आणणार.

एका घराचा हिशेब करू. चार एल.ई.डी. दिवे, दोन पंखे, एखादा दूरदर्शन संच, फोनची बॅटरी. संध्याकाळच्या चार-पाच तासांत एक युनिट वीज पुरे. एका युनिटला साधारण एक ते दीड किलो कोरडे लाकूड लागते. म्हणजे दीड किलो लाकडात घर उजळले! येथेच माणूस फसतो. दोन-तीन किलोवॅटचे एंजिन दोनशे वॅटसाठी चालवले तर ते वायू फार थोडा ओढते, भट्टीतली आग मंदावते, आणि जे डांबर गळ्यातल्या प्रखर उष्णतेत मोडायला हवे ते तसेच वायूबरोबर निघून एंजिनाच्या झडपांवर बसते. शिवाय पेटवायला वेळ, मध्ये लाकूड भरायचे, राख काढायची, गाळणी धुवायची. एका घरासाठी हा उपद्व्याप कोणी महिनाभरही करणार नाही. तेवढ्या विजेला छपरावरचे सौर पत्रे आणि एक बॅटरी पुरते.

मग या यंत्राला जागाच नाही काय? आहे, पण वाडीला, घराला नव्हे. याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मंडळींनी तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या पस्तीसेक घरांच्या, वीज नसलेल्या गावात १९८८ साली लाकूडवायूवर चालणारा ३.७ किलोवॅटचा संच बसवला. पुढे तो २० किलोवॅटचा केला. दिवे, नळाचे पाणी, पिठाची गिरणी, शेतीला पाणी ही सर्व कामे त्यावर होत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे आधीच्या सहा वर्षांत ८५ टक्क्यांहून अधिक दिवस गावाला दिवे आणि पाणी मिळाले. त्याच अहवालातील आणखी एक आकडा मला अधिक बोलका वाटतो. पाच किलोवॅट भार असताना जळण, चालवणे व देखभाल यांचा खर्च युनिटला ५ रुपये ८५ पैसे, आणि वीस किलोवॅट असताना ३ रुपये ३४ पैसे. म्हणजे दिव्यांच्या जोडीला गिरणी आणि पंप हवाच. त्या गावात जळणासाठी मुद्दाम झाडे लावली होती, हेही विसरू नये.

आता आपल्याकडे येऊ. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, आषाढात वादळवारा सुटला की तारांवर झाडे पडतात आणि वाड्या अंधारात जातात. सूर्य दिसत नाही, तेव्हा सौर पत्र्यांचाही जोर उतरतो. लाकूडवायूची गरज तेव्हाच. आणि नेमके तेव्हाच लाकूड ओले! वीस टक्क्यांहून अधिक ओल असलेले लाकूड या भट्टीला चालत नाही. वायू दुबळा होतो आणि डांबर वाढते. तेव्हा सगळी मदार पावसाळ्याच्या बेगमीवर. आपल्या आया-आजी मृगापूर्वी लाकूडफाटा पडवीत रचून ठेवीत, तेच शहाणपण येथे मोठ्या मापाने लागेल. वाडीच्या दिव्यांना, पंपाला आणि लहान गिरणीला मिळून आठ किलोवॅट धरा, रोज चार तास. बत्तीस युनिट म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो लाकूड. चार महिन्यांचे सुमारे पाच टन, तेही दोन-तीन बोटे लांबीचे तुकडे करून, कोरड्या छपराखाली.

हे पाच टन कोठून येणार? भीमगड अभयारण्यालगतच्या वाडीला जंगलाकडे बोट दाखवणे म्हणजे तिथल्या माणसाला गुन्हेगार करणे होय. शेवटी जी बाई चुलीसाठी मोळी आणते, तिच्याच डोक्यावर एंजिनाचीही मोळी चढेल, आणि गावात वीज आली म्हणून आपण हार घालून घेऊ. हे मला मान्य नाही. बांधावर, पडीक जमिनीत एक-दीड हेक्टर झाडे आधी लावावीत, तोडणीची मजुरी वीजपट्टीतून द्यावी, आणि मगच पिंप जोडायला घ्यावे. कोणी म्हणेल, उसाचे पाचट शिवारात फुकट जळते, तेच घाला. फलटणच्या निंबकर संस्थेने त्यावर पुष्कळ काम केले आहे; पण ते काम निराळ्या यंत्राचे. लाकडाच्या भट्टीत सुटे पाचट मध्येच अडकून पूल धरते आणि राख वितळून खंगर बनते.

आणखी एक गोष्ट, जी उत्साहाच्या भरात राहून जाते. हा वायू विषारी आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे ज्याने मरतात तोच हा. भट्टी चहूबाजूंनी उघड्या छपराखालीच हवी. महाविद्यालयाच्या बंद प्रयोगशाळेत कोणी ती पेटवू लागला, तर प्राध्यापकांनी ती निःसंकोच विझवावी.

आपल्या विज्ञान मंडळाने स्नेहसंमेलनात मांडण्यासाठी यंत्र करू नये, अशी माझी सूचना आहे. या दिवाळीच्या सुट्टीत एखादी वाडी निवडावी आणि तेथे घरोघरी तराजू घेऊन जावे. रोज किती जळण लागते, ते किती लांबून येते, कोण आणते. गेल्या पावसाळ्यात वीज किती दिवस नव्हती. गिरणीसाठी किती चालावे लागते, हे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून आणावे. ती वही पुढच्या अंकात छापावी. पिंपासाठी पत्रा विकत घेण्याचे पुढच्या मार्गशीर्षात पाहता येईल.