नाथानानं दावीदाला मेंढरू रंगवायला दिलं नव्हतं

तारवाच्या खिडकीतून जिराफ मान बाहेर काढून हसतोय. शेजारी हत्ती, तोही हसतोय. नोहाला पांढरी दाढी, वर इंद्रधनुष्य, आणि खाली निळा रंग भरायला सोडलेली जागा. मे २०२४ मध्ये आमच्या चर्चच्या तरुण संघात या चित्राच्या चाळीस झेरॉक्स मी वाटल्या. मुलं तेरा ते एकोणीस वर्षांची. म्हणजे त्यातल्या काहींना मतदानाचा हक्क होता. त्यांच्यासमोर मी मेणाचे खडू, कापूस आणि फेविकॉलची बाटली ठेवली.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठावर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि बायका-मुलं बुडाली. आमच्या चर्चच्या आवारात चार दिवस पाणी होतं. बाकं पुन्हा वाळली, पण पायांवर पाण्याची रेघ राहिली ती राहिलीच. खडू हातात घेऊन बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी पूर डोळ्यांनी पाहिला होता. दावणीला बांधलेली जनावरं सोडवता आली नाहीत, हेही काहींनी पाहिलं होतं. त्यांना मी हसणारा जिराफ दिला.

नववीत जाणाऱ्या एका मुलीनं खालची जागा निळी केली नाही. तिनं बॉलपेननं तिथं हात काढले. पाण्यातून वर आलेले, एकाला एक लागून. एका हातात बांगड्या होत्या. मला म्हणाली, "ताई, तारवाच्या बाहेरची माणसं यात कुठं दाखवायची?"

मी म्हणाले, "अगं, हे नाही काढायचं," आणि तिला नवी झेरॉक्स दिली.

संध्याकाळी चाळीस जिराफ फलकावर लागले. तिनं नवी प्रतही रंगवून दिली होती, व्यवस्थित, निळ्या रंगासकट. त्यानंतर दोन रविवार ती आली. मग आली नाही.

तेव्हापासून मला या 'क्रिएटिव्ह ॲक्टिव्हिटी' प्रकरणाचा राग आहे, आणि त्या रागात मी स्वतःला वगळलेलं नाही. व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतलं व्हेकेशन बायबल स्कूल, हा अमेरिकेतून आलेला प्रकार तुम्ही ख्रिस्ती घरात वाढला असाल तर तुम्हाला माहीत असेल. नसाल तर शाळेतला 'हॅपी डे' किंवा संस्कार शिबिर आठवा. गोष्ट दहा मिनिटं, तात्पर्य दोन मिनिटं, आणि नंतर तासभर कापूस. आइस्क्रीमच्या काड्यांचा क्रूस. कागदी थाळीचा सिंह, म्हणजे दानीएल झाला. गल्याथ पुठ्ठ्याचा, त्याच्या कपाळावर चेंडू मारायचा, म्हणजे दावीद झाला. मुलांचे हात गुंतलेले असतात, फोटो छान येतात, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतात. आणि ज्या गोष्टीनं तीन हजार वर्षं माणसांची झोप उडवली, ती गोष्ट तासाभरात गपगार झालेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण मुलांच्या हाताला काम देतो ते त्यांनी तोंड उघडू नये म्हणून. ॲक्टिव्हिटी वाईट नसते. ती गोष्टीच्या कुठल्या जागी लावली आहे, ते बघावं लागतं. बहुतेक वेळा ती बरोबर त्या जागी लावलेली असते जिथं प्रश्न सुरू होणार असतो.

पुन्हा नोहाकडे चला. उत्पत्तीचे सहा ते नऊ हे अध्याय मोबाइलवर उघडा, पंधरा मिनिटं लागतील. तारू तीनशे हात लांब, मजले तीन, लाकूड कुठलं, डांबर कुठं लावायचं, सगळं सांगितलं आहे. तारवाचं दार नोहा लावत नाही. परमेश्वर त्याला आत घालून दार लावतो. आणि या सगळ्यात नोहा काय बोलतो? काहीच नाही. पूर येणार म्हटल्यावर नाही, पाणी चढताना नाही, ओसरल्यावरही नाही. त्याच्या तोंडचं पहिलं वाक्य नवव्या अध्यायात येतं, तेही द्राक्षारसाची झिंग उतरल्यावर, आणि ते शापाचं असतं. आता अठरावा अध्याय उघडा. सदोम नगराचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवाशी अक्षरशः घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? दहावर येऊन थांबतो. मिरजेच्या मंडईत आपल्या आज्या भाव करतात तसा. एक माणूस गप्प राहिला, एक भांडला, आणि दोघंही त्याच पुस्तकात सन्मानानं आहेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसमोर हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले, तर खडूंची गरज पडत नाही. आमच्या त्या मुलीनं बॉलपेननं हाच प्रश्न काढला होता: नोहा, तू का नाही बोललास? ती नऊ अध्याय पुढं गेली होती, आणि ताईनं तिला मागं आणून बसवलं.

बायबल स्वतः गोष्ट कशी वापरतं, हे पाहायचं असेल तर दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय वाचा. दावीद राजानं उरीयाची बायको बथशेबा घेतली, उरीयाला लढाईत पुढं ठेवून मारवलं. आता राजाला जाऊन कोण सांगणार? नाथान संदेष्टा जातो आणि एक गोष्ट सांगतो. गावात एक श्रीमंत, त्याची पुष्कळ मेंढरं. एक गरीब, त्याची एकच मेंढी, लेकरांबरोबर वाढवलेली. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्यानं आपली सोडून गरिबाची मेंढी कापली. दावीद संतापतो, असल्या माणसाला मेलंच पाहिजे म्हणतो. मग नाथान सांगतो की तो माणूस म्हणजे तूच.

बायबलमधली गोष्ट अशी असते. ऐकणारा दुसऱ्याला शिक्षा सुनावतो आणि मग त्याला कळतं की आरोपीच्या पिंजऱ्यात आपणच उभे आहोत. आम्ही मुलांना या गोष्टीतली मेंढी दिली असती, चिकटवायला कापूस दिला असता. पण हा अध्याय आमच्याकडे येतच नाही. दावीद गल्याथापाशी संपतो. बथशेबाचं नाव घेतलं तर मंडळीतले वडीलधारे खोकतात. ज्या मुलींना बसस्टॉपवर रोज काय झेलावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासमोर सत्तेतल्या पुरुषाला थेट गुन्हेगार ठरवणारी गोष्ट उघडायची नाही, कारण मुलं लहान आहेत!

"पण ताई, मुलं कंटाळतात, निदान मजा म्हणून तरी येतात." हे मला पहिल्यांदा ऐकवलं जातं. मी मान्य करते, येतात. दहावीपर्यंत येतात. नंतर नाताळला आणि लग्नाला येतात. कापसाचा कंटाळा येणारच. जिथं मजाच द्यायची आहे तिथं मोबाइल आपल्यापेक्षा शंभरपट जास्त देतो. म्हणून काही उत्साही मंडळी आता योनाची रील आणि हागारेचं व्हॉट्सॲप स्टेटस करायला लावतात. तो कापूसच आहे, फक्त फाइव्ह-जीवर चालणारा.

योनाचंच बघा. पुस्तक चार अध्यायांचं. मासा दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्याला किनाऱ्यावर ओकून मोकळा होतो. आमचा क्राफ्ट तिथंच संपतो: निळा पुठ्ठा, उघडझाप करणारं तोंड, आत काडीचा योना. खरी गोष्ट पुढं आहे. निनवे हे शत्रूचं शहर पश्चात्ताप करतं, वाचतं, आणि योना चिडतो. ही माणसं मरायला हवी होती, असं त्याला वाटतं. शेवटी देव त्याला विचारतो की उजवा-डावा हात न ओळखणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी जनावरं, यांची मला कीव येऊ नये काय? आणि पुस्तक संपतं. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. अख्ख्या बायबलमध्ये तरुण संघासाठी याहून मोठी रिकामी जागा सापडणार नाही, आणि आपण मासा कापत बसतो.

मी काय वेगळं केलं, ते सांगते. फार काही नाही, आणि सगळं जमलंही नाही. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला आहे. धनी पहाटे मजूर लावतो, मग सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आणखी काही. संध्याकाळी सगळ्यांना एकच मजुरी देतो. एका शनिवारी चर्चच्या आवारातलं गवत काढायचं होतं. दहा जणांना मी आठ वाजता बोलावलं, सहा जणांना दहाला, चौघांना साडेअकराला. बाराला सगळ्यांना सारखेच दोन वडापाव. दाखला आधी सांगितला नव्हता. जे भांडण झालं ते मी तुम्हाला शब्दांत सांगू शकत नाही. आठची पोरं लाल झाली होती. मग बायबल उघडलं, आणि त्यांनी स्वतःचेच शब्द तिथं वाचले. एरवी इथं तात्पर्य येतं, 'देवाची कृपा', आणि प्रार्थना. त्या दिवशी एक मुलगा म्हणाला की त्याचे वडील नाक्यावर उभे राहतात, साडेनऊनंतर कुणी नेत नाही, मग ते घरी येतात आणि आईशी बोलत नाहीत. दाखल्यात धनी शेवटच्या मजुरांना विचारतो की दिवसभर रिकामे का उभे राहिलात. ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. तो मुलगा ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होता. मी तात्पर्य सांगितलं नाही. खरं म्हणजे मला सुचलं नाही.

सोमवारी पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. वडापावच्या भांडणाची तक्रार तीन घरांतून गेली होती. ते माझ्यावर ओरडले नाहीत, म्हणाले, "बाळ, विश्वास डळमळेल अशा गोष्टी पोरांच्या हातात कशाला द्यायच्या?" मी त्यांचा आदर करते. पुरात त्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना पाठीवर नेलं आहे. पण जो विश्वास प्रश्न विचारल्यानं डळमळतो, तो पुराच्या पाण्यात कसा टिकला असेल? ईयोब देवाशी भांडला, कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत. शंकेला बायबलात जागा आहे. आमच्या वेळापत्रकात नाही.

आणि हे काही मी परदेशातून आणलेलं खूळ नाही. उलट कापूस-फेविकॉलच बाहेरून आला. फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ मध्ये गोव्यात छापलेलं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत आहे, जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्यात नव्यानं ख्रिस्ती झालेला श्रोता पाद्रीगुरूला प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नांमुळं कथा पुढं सरकते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन रंगवलं. कीर्तनात श्रोता समोर बसलेला असतो, त्याला टाळी द्यावी लागते आणि टोमणाही खावा लागतो. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. आणि केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते तिथल्याच छापखान्यात मुलींनी आणि बायकांनी छापलं. दुष्काळातून आलेल्या, टाकून दिलेल्या मुली. त्यांच्या हातात कापूस नव्हता, छपाईचे खिळे होते. हागारेला लेकरासकट रानात हाकलल्याचा अध्याय, इफ्ताहाच्या मुलीचा बळी जातो तो अध्याय, एकेक अक्षर त्यांच्या बोटांतून गेलं. त्या मुलींना कुणी म्हटलं नाही की तुम्ही लहान आहात, तुम्ही फक्त इंद्रधनुष्य जुळवा.

चांगल्या शोमरोन्याचं नाटक तर दर वर्षी होतं. पट्टी बांधलेला जखमी, गाढव झालेली दोन पोरं, हशा. येशूच्या काळात यहुदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी घेताना दहादा विचार करत असे. मग आमच्या नाटकात शोमरोनी कोण? चादर गुंडाळलेला कुणीतरी. मी एकदा मुलांना म्हटलं, ज्याच्या हातची मदत तुमच्या घरात चालणार नाही, त्याला शोमरोनी करा. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. आमच्या मंडळीतही बाप्तिस्म्याआधीच्या जाती लग्न ठरवताना बरोबर आठवतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते नाटक बसलंच नाही. तारीख आली तेव्हा आम्ही गाणं म्हटलं.

यंदाही मे महिन्यात खोकं आलं. कापूस, काड्या, आणि जिराफाच्या चाळीस झेरॉक्स, कुणीतरी आपल्या खर्चानं काढून दिलेल्या. टाकवल्या नाहीत. कागद पाठकोरे होते. मी योनाचा चौथा अध्याय मोठ्यानं वाचला, प्रश्नापाशी थांबले, आणि मुलांना म्हटलं की मागच्या बाजूला योनाचं उत्तर लिहा. एकानं फक्त 'नाही' लिहिलंय. एकीनं लिहिलंय की मला आधी घरी जाऊ दे, मग सांगतो. कृष्णेकाठच्या एका पोरानं माणसांबद्दल काहीच लिहिलं नाही, जनावरांबद्दल पानभर लिहिलं. हे कागद फलकावर लावायचे की नाही, ते पुढच्या रविवारी कमिटी ठरवणार आहे.

त्या मुलीच्या घरी मी एक कोरा कागद पाठवला आहे, तिच्या धाकट्या भावाच्या हाती. अजून परत आलेला नाही.